‘फुकट’ हेल्मेट, कापलेला पट्टा आणि फुगवलेले बिल

मिशिगनच्या उत्तर भागात दोन स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या, खरेदी करताना एका डीलरने आम्हाला दोन ठिकाणी फसवले. एक फसवणूक बिलात होती आणि ती केवळ पैशांपुरती होती. दुसरी हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्ट्यात होती आणि ती जिवावर बेतू शकली असती. या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतवलेल्या होत्या, कारण बिलातली लबाडी झाकण्यासाठीच हेल्मेट ‘फुकट’ देण्यात आली होती आणि हेल्मेट फुकट असल्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार करायची सोयच आमच्याकडे राहिली नव्हती. या दुकानाचे नाव मी लिहीत नाही. पहिल्यांदाच स्लेड (स्नोमोबाईलला इकडे असेही म्हणतात) घेणाऱ्या, विशेषतः इकडे नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना ही पद्धत ओळखता यावी, एवढाच या लिखाणाचा हेतू आहे.

आधी किमतीचे सांगते. अमेरिकेत नवी मोटार घेताना काचेवर छापील किमतीचा जो कागद चिकटवलेला असतो, तो 1958 च्या कायद्यामुळे सक्तीचा आहे आणि त्यात वाहतुकीचा खर्चही वेगळा दाखवावा लागतो. स्नोमोबाईलला हा कायदा लागू नाही. कंपनी आपल्या संकेतस्थळावर जी सुचवलेली किंमत देते, तिच्यात फ्रेट (गाडी दुकानापर्यंत आणण्याचा खर्च), सेटअप (गाडी जोडून तयार करण्याचे काम), कागदपत्रांची फी आणि कर यांपैकी काहीच धरलेले नसते, आणि डीलर या प्रत्येक ओळीत काय लिहितो हे बरेचसे त्याच्या मर्जीवर असते. आम्हाला फोनवर एका स्लेडची किंमत 12,499 डॉलर सांगण्यात आली होती आणि ‘वर फक्त टॅक्स’ असे स्पष्ट शब्द होते. दुकानात कागद पुढे आला तेव्हा प्रत्येक गाडीवर फ्रेट आणि सेटअपचे मिळून 1,150, कागदपत्रांचे 275 आणि ‘विंटर प्रोटेक्शन पॅकेज’चे 395 डॉलर लावलेले होते. म्हणजे करापूर्वीच प्रत्येक गाडीमागे 1,820 डॉलर वाढले होते.

सेटअप हे काम खोटे नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. स्लेड कारखान्यातून पेटीत बंद होऊन येते. तिच्या स्की, हँडलबार आणि काच बसवणे, बॅटरी जोडणे, ऑइल आणि कूलंट पाहणे, ट्रॅकचा, म्हणजे गाडीखालच्या फिरत्या पट्ट्याचा, ताण जुळवणे, सस्पेन्शन चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावणे ही कामे नीट झाली नाहीत तर गाडी पहिल्याच फेरीत त्रास देते. त्यामुळे या कामाचे पैसे मागणे गैर नाही. गैर आहे ते फोनवर ही रक्कम दडवणे आणि मग फ्रेट आणि सेटअप एकाच ओळीत कोंबून कोणत्या कामाचे किती, हे सांगायला नकार देणे. विक्रेत्याला मी फोड मागितली तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, हे सगळ्यांनाच लागतं, याची फोड आम्ही करत नाही.” ‘प्रोटेक्शन पॅकेज’ म्हणजे काय, हे विचारल्यावर मात्र तो उत्साहाने बोलू लागला. हूडवर आणि बोगद्यावर (ट्रॅकच्या वरचा धातूचा भाग, इंग्रजीत ‘टनेल’) फवारायचे एक द्रव्य, स्कीच्या हँडलना लावायचे ग्रीस आणि वर्षभराची ‘प्राधान्य सेवा’, असे त्याचे वर्णन होते. आणि हे पॅकेज घेणाऱ्याला प्रत्येक गाडीमागे एक हेल्मेट फुकट.

हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. हेल्मेटच्या डब्यावर दुकानाने 449 डॉलरची चिठ्ठी लावली होती. तेच मॉडेल त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावर 299 डॉलरला होते. दोन हेल्मेटची खरी किंमत 598 डॉलर आणि दोन पॅकेजचे 790 डॉलर. म्हणजे हेल्मेट फुकट नव्हती. त्यांच्या पूर्ण किमतीहून 192 डॉलर जास्त देऊन आम्ही ती घेत होतो, फक्त पैसे दुसऱ्या नावाने जात होते. एवढेच नव्हे, तर इलेक्ट्रिक शील्डला, म्हणजे हेल्मेटच्या तापणाऱ्या काचेला, वीज देणारी वायर, जी कंपनीच्या यादीप्रमाणे डब्यातच असायला हवी होती, ती काढून काउंटरमागच्या खुंटीला टांगली होती आणि वेगळी विकली जात होती. ती आम्ही यादी दाखवून मिळवली. बाकीच्या आकड्यांवर पुष्कळ घासाघीस झाली, पण हंगाम तोंडावर होता आणि जवळपास दुसरीकडे त्या मॉडेलच्या दोन गाड्या नव्हत्या. अखेर सही झाली.

त्याच दालनात मागच्या हंगामातल्या न विकल्या गेलेल्या स्लेड नव्या गाड्यांच्या रांगेत जवळजवळ नव्या किमतीला उभ्या होत्या. अशा गाड्या घेण्यात काही वावगे नाही, उलट त्या चांगल्या सवलतीत मिळायला हव्यात. म्हणून बोगद्यावर कोरलेला 17 वर्णांचा क्रमांक वाचावा. त्यातला दहावा वर्ण मॉडेलचे वर्ष सांगतो, 2024 साठी आर आणि 2025 साठी एस.

आता पट्ट्याकडे वळते, कारण हे सगळे लिहायला बसण्याचे मुख्य कारण तेच आहे.

त्या हेल्मेटना कारखान्यातून आलेली डबल डी-रिंग होती. हनुवटीखालच्या पट्ट्याच्या एका बाजूला धातूची दोन कडी शिवलेली असतात. दुसऱ्या बाजूचा मोकळा पट्टा दोन्ही कड्यांतून ओवायचा, मग टोक मागे वळवून दोन कड्यांच्या मधून परत काढायचे आणि ओढायचे. यात खटका नाही, स्प्रिंग नाही, झिजणारा दात नाही. पट्ट्यावर जितका ताण येतो तितकी कडी एकमेकींवर दाबली जाऊन पट्टा अधिक घट्ट धरला जातो. उरलेले टोक फडफडू नये म्हणून एक लहान टिचबटण असते, आणि घाईत केवळ ते बटण लावून निघणारे लोक मी ट्रेलवर पाहिले आहेत. ते बटण फक्त टोक आवरण्यासाठी आहे, हेल्मेट डोक्यावर धरून ठेवण्यासाठी नाही, हे मुलांना तर पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

डी-रिंगची अडचण थंडीत जाणवते. जाड हातमोज्यांनी पट्टा ओवता येत नाही, हातमोजे काढले तर बोटे बधिर होतात, आणि श्वासाची वाफ पट्ट्यावर गोठून तो काठीसारखा ताठ होतो. माझ्या पतींनी हे बोलून दाखवताच विक्रेत्याने लगेच उपाय सुचवला. दुकानातच ‘क्विक रिलीज’ बकल बसवून मिळेल, एका हेल्मेटला 79 डॉलर, अर्ध्या तासाचे काम. “यानं हेल्मेटच्या डीओटी मान्यतेवर काही परिणाम होतो का?” असे यांनी थेट विचारले (डीओटी म्हणजे अमेरिकेचे परिवहन खाते). “अजिबात नाही, बकलसुद्धा डीओटीच आहे,” हे त्याचे उत्तर होते.

घरी आल्यावर पट्टा उजेडात धरला तेव्हा त्या अर्ध्या तासात काय केले गेले ते दिसले. डी-रिंग ज्या टाक्यांनी पट्ट्याला जोडलेल्या असतात तिथून थोड्या अंतरावर पट्टा सरळ कापलेला होता. कापलेली कड मेणबत्तीने किंवा लायटरने जाळून बंद केली होती, तिथे काळपट कडक गाठ झाली होती. नवे बकल एका पितळी रिव्हेटने ठोकून वर पांढऱ्या दोऱ्याचे चार-पाच सैल टाके घातले होते, तर कारखान्याची शिवण काळ्या जाड दोऱ्याची आणि चौकटीत फुलीच्या आकाराची होती. यांनी हेल्मेट घालून पट्टा घट्ट लावला आणि मी मागून, मानेजवळच्या कडेला हात घालून, हेल्मेट वर आणि पुढे ढकलून पाहिले. योग्य मापाचे आणि नीट बांधलेले हेल्मेट असे ढकलून निघता कामा नये. पहिल्या जोरातच बकलच्या प्लॅस्टिक पट्टीचे दोन दात ‘टक् टक्’ करून सुटले आणि हेल्मेटची पुढची कड यांच्या डोळ्यांवर आली. दुसऱ्या हेल्मेटचे दात सुटले नाहीत, पण रिव्हेटभोवती पट्ट्याची वीण उसवू लागलेली दिसत होती.

कारखान्यातूनच दातेरी बकल असलेली चांगली हेल्मेट मिळतात आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, कारण त्यांची चाचणी त्या बकलसकट झालेली असते. प्रश्न नंतर बसवलेल्या बकलचा आहे. अमेरिकेचे हेल्मेटविषयीचे मानक, एफएमव्हीएसएस 218, हे 1974 पासून लागू आहे. ते लिहिलेले मोटारसायकलच्या हेल्मेटसाठी आहे, पण स्नोमोबाईलच्या हेल्मेटवरची डीओटीची खूण त्याचीच असते. त्या मानकात पट्ट्याची स्वतंत्र चाचणी आहे. आधी 50 पौंडांचा ताण किमान 30 सेकंद द्यायचा, मग त्यावर आणखी 250 पौंड चढवून तो 120 सेकंद ठेवायचा, आणि एवढ्या ताणाखाली पट्टा तुटता कामा नये, तसेच 1 इंचाहून अधिक सरकताही कामा नये. ही चाचणी पूर्ण हेल्मेटवर होते. सुट्या बकलला ‘डीओटी’ म्हणण्याला म्हणूनच काही अर्थ नाही. शिवाय सरकार कोणत्याही हेल्मेटला आधी तपासून मान्यता देत नाही. आपले हेल्मेट मानकात बसते, असे निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करतो, आणि ती जबाबदारी त्याने शिवलेल्या पट्ट्याची असते, दुकानाच्या मागच्या खोलीत ठोकलेल्या रिव्हेटची नसते.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट हेल्मेटच्या आतच सापडली. याच मानकाप्रमाणे निर्मात्याला हेल्मेटवर खरेदीदारासाठी काही सूचना लावाव्या लागतात, आणि त्यांतली एक अशी आहे की हेल्मेटमध्ये कोणताही बदल करू नये. आमच्या दोन्ही हेल्मेटच्या अस्तराखाली ही सूचना छापलेली होती. ज्या माणसाने पट्टा कापला त्याच्या हातात ती सूचना होती. मी निर्मात्याला छायाचित्रे पाठवली तेव्हा त्यांनी लेखी कळवले की पट्टा कापल्यानंतर हे हेल्मेट ते आपले प्रमाणित हेल्मेट मानत नाहीत आणि त्याची हमीही संपली आहे. मिशिगनमध्ये स्वतःच्या खाजगी जागेबाहेर स्नोमोबाईल चालवताना मान्यताप्राप्त हेल्मेट घालणे सक्तीचे आहे. म्हणजे पैसे मोजून आम्ही सुरक्षितता तर गमावलीच, पण अशा हेल्मेटने कायद्याची अट पुरी होते असेही छातीठोकपणे म्हणता येत नव्हते.

दुकानात परत गेलो तेव्हा बिलातली ती मांडणी कशासाठी होती ते उलगडले. बिलावर प्रत्येक हेल्मेट 449 डॉलर लिहून खाली 449 डॉलरची सूट दाखवलेली होती, म्हणजे आम्ही भरलेली रक्कम शून्य. व्यवस्थापकाने शांतपणे सांगितले की शून्य डॉलरच्या वस्तूचा परतावा शून्य असतो, वापरलेली हेल्मेट आरोग्याच्या कारणास्तव परत घेत नाहीत, आणि बकल तर ‘ग्राहकाच्या मागणीवरून’ बसवले आहे. पॅकेज परत करायचे तर हेल्मेटची ‘सूट’ रद्द होईल आणि दोन हेल्मेटचे 898 डॉलर आम्हीच देणे लागू, असेही तो म्हणाला. एका हाताने दिल्याचे दाखवून दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सोय त्यांनी कागदावर आधीच करून ठेवली होती.

आमच्या बाजूने दोन गोष्टी उपयोगी पडल्या. बकलचे 158 डॉलर क्रेडिट कार्डावर दिलेले होते. 1974 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे कबूल केल्याप्रमाणे न मिळालेल्या वस्तूविषयी बँकेकडे लेखी तक्रार करता येते, मात्र ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम पहिल्यांदा येते ते पाठवल्यापासून 60 दिवसांच्या आत ती पोचावी लागते. निर्मात्याचे पत्र आणि पट्ट्याची जवळून काढलेली छायाचित्रे जोडल्यावर ते पैसे परत मिळाले. दुसरी तक्रार राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे केली. त्यांनी ती दुकानाकडे उत्तरासाठी पाठवताच व्यवस्थापकाची भाषा बदलली आणि दोन्ही पॅकेजचे 790 डॉलर हेल्मेटचा हिशेब न मांडता परत आले. फ्रेट, सेटअप आणि कागदपत्रांचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत, कारण त्या ओळींखाली आमची सही होती आणि फोनवरचे ‘वर फक्त टॅक्स’ हे शब्द कुठेच लिहिलेले नव्हते.

म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी, कर धरून अखेरची रक्कम किती, ती गाडीच्या क्रमांकासह ईमेलवर मागवून घ्यावी आणि जो डीलर ती लिहून देत नाही त्याच्याकडे जाऊ नये. गाडीबरोबर कोणतीही वस्तू ‘फुकट’ मिळत असेल तर ती बिलावर तिच्या खऱ्या किमतीसह वेगळी विकत दाखवायला सांगावी आणि तेवढी सूट गाडीच्या किमतीत मागावी, म्हणजे वस्तू सदोष निघाली तर परताव्याला आधार राहतो. हातमोज्यांनी उघडणारे बकल हवे असेल तर ते कारखान्यातूनच बसवलेले हेल्मेट घ्यावे, आणि बर्फात वापरायचे असल्याने त्या बकलच्या दातांत बर्फ अडकल्यावर ते पूर्ण बसते की नाही, हे प्रत्येक वेळी ओढून पाहावे. आमच्या नव्या हेल्मेटना पुन्हा डबल डी-रिंगच आहे. ती बांधण्यासाठी आतून पातळ हातमोजे आणि वरून जाड मिटन (चार बोटे एकत्र राहणारे हातमोजे) अशी जोडी वापरतो, त्यामुळे बोटे उघडी पडत नाहीत.

ज्यांनी कोणत्याही दुकानातून असे बकल बसवून घेतले असेल, त्यांनी आज पट्टा उलटा करून शिवण पाहावी. दोऱ्याचा रंग वेगळा असेल, रिव्हेट असेल, कापलेली कड जाळलेली असेल, तर ते हेल्मेट वापरू नये आणि कुणाला विकूही नये. आम्ही आमच्या दोन्ही हेल्मेटचे पट्टे पूर्ण कापून, कवचावर मोठ्या अक्षरांत ‘निकामी’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना लिहून ती टाकून दिली, म्हणजे ती कचऱ्यातून उचलून पुन्हा कुणाच्या डोक्यावर जाणार नाहीत.