वाफ्यांमधला प्रयोग: माती दिसली, शब्द मात्र वाऱ्यावर

सामूहिक बागेत राबणाऱ्यांनीच तिथे सादर केलेला हा खुला नाट्यप्रयोग सव्वा तासाचा आहे. प्रेक्षक वाफ्यांमधून चालत पाच ठिकाणी थांबतात.

सर्वांत सरस प्रवेश कंपोस्टच्या ढिगाशी होतो. दाताळ्याने ढीग उकरताच संध्याकाळच्या गारव्यात वाफ वर येते आणि बोलणं आपोआप थांबतं. ही किमया आयत्या वेळी साधत नाही. ढीग निदान घनमीटरभर हवा, लहान ढीग ऊब धरत नाही. कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण ३०:१ च्या आसपास ठेवून आठवडाभर आधी रचला, तर आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान मिळतं. इथे ती तयारी चोख होती.

पुढे फुलोऱ्यातलं घेवड्याचं रोप उपटून मुळावरची मोहरीएवढी गाठ नखाने फोडतात. आत गुलाबी रंग दिसला, म्हणजे जिवाणू हवेतला नत्र बांधताहेत. फार सुंदर क्षण, पण दिसला फक्त पुढच्या रांगेला. चार-पाच रोपं हातोहात फिरवायला हवी होती.

खरी गडबड आवाजाची. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. त्यात तिसऱ्या थांब्यावर वारा प्रेक्षकांच्या पाठीकडून येत होता. अशा वेळी आवाज वर वळतो आणि मागच्यांच्या डोक्यावरून जातो. नट आणि प्रेक्षकांच्या जागांची अदलाबदल केली असती, तरी भागलं असतं. सूर्यास्तानंतरचं शेवटचं गाणं मात्र माइकशिवाय सर्वांना ऐकू गेलं: जमीन निवते, वरची हवा उबदार राहते आणि आवाज खाली वळतो. संवादांचे प्रवेशही याच वेळेकडे सरकवावेत.

पायवाटा जेमतेम दोन फुटी. दोघं शेजारी चालले की एकाचा पाय वाफ्यात, आणि वाफे नुकतेच भिजवलेले. ओली माती तुडवली की तिच्यातली पोकळी मिटते, मुळांना हवा मिळत नाही. पाणी प्रयोगानंतर द्यावं, कडेने सुतळी बांधावी. व्हीलचेअरसाठी किमान ९० सेंटीमीटर वाट लागतेच.

शेवटी प्रेक्षक बी पेरतात. मुलं अख्खं बोट मातीत खुपसतात, एवढ्या खोलीवरून अंकुर वर येताना दमतो. तीन सेंटीमीटरवर खूण केलेली काडी हाती दिली की झालं. आठ-दहा दिवसांत ओळी उगवतील. त्या बघायला परत या, असं कुणी सांगितलं नाही; ते आवर्जून सांगायला हवं होतं.