दोघांचा चहा की आठ जणांचा डाळभात : मुक्कामाच्या स्वयंपाकासाठी कमी इंधनाची भांडी

शनिवारी मुंबईहून निघून रविवारी रात्री परतणाऱ्यांना उघड्यावरच्या स्वयंपाकासाठी भांडी घ्यायची झाली, की दोन टोकांचे पर्याय समोर येतात. एका टोकाला तळाशी धातूच्या पातळ पट्ट्यांची झालर असलेले आणि बर्नरवर अडकवून घट्ट बसणारे उभट भांडे असते, ज्याची किंमत सहज काही हजारांत जाते. दुसऱ्या टोकाला तांबाकाट्याच्या किंवा भुलेश्वरच्या भांडीबाजारातला ॲल्युमिनियमचा टोप असतो. इंधनाची बचत हा येथील तुलनेचा मुख्य निकष असला, तरी केवळ तेवढ्यावर खरेदी ठरवता येत नाही. काय शिजवायचे, किती जणांसाठी आणि तेथवर कोणत्या वाहनाने जायचे, हे तीन प्रश्न त्याआधी सुटावे लागतात. तिसरा प्रश्न बहुतेकांना सर्वात शेवटी आठवतो, म्हणून तोच प्रथम घेतो.

कर्जत किंवा कसारा लोकलने जायचे असेल, तर गॅसचा कॅनिस्टर, रॉकेल वा स्पिरिट यांपैकी काहीही पाठपिशवीत ठेवता येत नाही. लोकल ही रेल्वेच आहे आणि रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे धोकादायक पदार्थ बेकायदा नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे पर्यटकांच्या डब्याला लागलेल्या आगीत नऊ जण मृत्युमुखी पडले. त्या डब्यात नियम मोडून गॅस सिलिंडर नेण्यात आला होता. ‘लहानसाच तर डबा आहे’ हा युक्तिवाद आपल्याकडे सर्रास ऐकू येतो, पण गर्दीच्या डब्यात तो टिकत नाही. तेव्हा जो गट लोकलने जातो, त्याने महागड्या शेगडीचा विचार सोडून द्यावा हे उत्तम. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवावी आणि वर चहासाठी चांगला थर्मास न्यावा. पुढची तुलना खासगी गाडीने जाणाऱ्यांसाठी आहे.

आता इंधनाचा हिशेब पाहू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते आणि एक ग्रॅम एलपीजीतून साधारण ४६ किलोज्यूल मिळते. म्हणजे उष्णतेचा कणही वाया गेला नाही, तर सात ग्रॅम गॅस पुरेल. प्रत्यक्षात साध्या टोपाखालची निम्म्याहून अधिक उष्णता कडेने निसटून जाते आणि वारा अडवलेला असतानाही १४ ते १६ ग्रॅम खर्ची पडतात. झालरीच्या भांड्यात तोच खर्च दहा ग्रॅमच्या आसपास येतो. १०० ग्रॅम गॅसमध्ये दहा लिटर पाणी उकळते, असे जेटबॉइलसारख्या कंपन्या सांगतात, आणि ते या हिशेबाला धरून आहे. लिटरमागे पाच ग्रॅम ही बचत खरी आहे, यात वाद नाही.

ती आपल्या उपयोगाची किती, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. दोघे जण एका रात्रीच्या मुक्कामात चहा, सूप आणि मॅगी मिळून पाचेक लिटर पाणी तापवतील. म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम गॅस वाचेल. पण २३० ग्रॅमचा कॅनिस्टर दोन्ही भांड्यांना पुरून उरतो. पाठीवर एकच कॅनिस्टर जाणार असेल, तर वाचलेल्या गॅसने ओझ्यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. हिमालयात आठवडाभराच्या वाटेवर, विशेषतः बर्फ वितळवून पाणी करावे लागते तेव्हा, हे चित्र पालटते. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचे पाणी करण्यास ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे आपल्याकडचे लिटरभर पाणी उकळण्याहूनही जास्त. तेथे झालरीचे भांडे एका कॅनिस्टरचे ओझे खरोखर कमी करते. मात्र कॅनिस्टर विमानाने नेता येत नाही, तो तिकडेच घ्यावा लागतो. अशा मोहिमा ठरलेल्या असतील, तर हे महाग भांडे घ्यावे. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर एवढीच धाव असेल, तर त्याचे कौतुक इंधनापेक्षा वेगासाठी आहे हे ओळखून पैसे मोजावेत.

या जोडभांड्याचा एक गुण मात्र मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. बर्नर आणि तळ एकमेकांत बसत असल्यामुळे वाऱ्याचा त्रास कमी होतो, आणि सह्याद्रीच्या कड्यावर वारा हाच इंधनाचा मोठा चोर असतो. बीआरएस ३०००टी ही २५ ग्रॅमची टायटॅनियमची चिमुकली शेगडी स्वस्त आणि हलकी म्हणून लोक हौसेने घेतात. परंतु उघड्या माचीवर तिची ज्योत आडवी पडते आणि पाणी नुसतेच कोमट होत राहते. ७३ ग्रॅमची पॉकेटरॉकेट २ त्या मानाने बरी, तरी आडोसा तिलाही हवाच. आडोसा मात्र तीन बाजूंनीच असावा. कॅनिस्टरवर बसणाऱ्या शेगडीला पत्र्याने चहूकडून वेढले, तर कॅनिस्टरच तापू लागतो, आणि त्याला ५० अंशांपलीकडे जाऊ द्यायचे नसते. भर उन्हात काशिदच्या किनाऱ्यावर बंद करून ठेवलेल्या गाडीतही कॅनिस्टर ठेवू नये, तो याच कारणाने.

दुकानदार ‘थंडीतला गॅस’ म्हणून प्रोपेन-आयसोब्युटेनचे मिश्रण पुढे करतात. साधे ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचे थांबते. सह्याद्रीतल्या जानेवारीच्या रात्रीही पारा सहसा तेवढा उतरत नाही. पहाटे ज्योत मंद वाटली, तर तळहातांत कॅनिस्टर थोडा वेळ धरला की काम भागते.

खरी निवड शिजवायच्या पदार्थांपाशी होते आणि येथे मराठी खाणे परदेशी भांड्यांच्या रचनेशी फारसे जमवून घेत नाही. ती भांडी पाणी उकळून कोरड्या पाकिटात ओतण्यासाठी घडवलेली आहेत. त्यांत भात टाकला, की अरुंद तळाच्या मध्यावर आच एकवटते, खाली करपते आणि वर तांदूळ टणक राहतो. शिवाय भांडे उंच असल्याने ढवळता येत नाही आणि खरवड काढताना झालरीची काळजी घ्यावी लागते. टायटॅनियमचीही तीच अडचण आहे. हा धातू हलका आणि चिवट खरा, पण उष्णता पसरवण्यात तो ॲल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही. पाण्यापुरता ठीक, खिचडीसाठी नाही. स्टीलचे पातेले टिकाऊ आणि निर्धास्त असले, तरी उष्णता पसरवण्यात तेही मागेच पडते आणि शिवाय जड असते.

म्हणून डाळभात करणाऱ्या चार-पाच जणांना माझा कौल रुंद बुडाच्या, ॲनोडाइज्ड (म्हणजे पृष्ठभागावर कठीण संरक्षक थर तयार केलेल्या) ॲल्युमिनियमच्या, घट्ट झाकणाच्या टोपाला आहे. रुंद बूड ज्योत अडवून धरते, म्हणून कडेने जाणारी उष्णता आपोआप घटते. साध्या ॲल्युमिनियमवर कोकम, चिंच किंवा टोमॅटोच्या आंबटाचा परिणाम होतो. ॲनोडाइज्ड थर तो बऱ्याच अंशी टाळतो. टोप घेताना त्यात झाकण, लहान पातेली आणि पकड एकात एक बसतात का, हे पाहावे.

त्याच्या जोडीला दीड लिटरचा ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर हा पर्याय अनेकजण वजनामुळे उडवून लावतात, आणि मला तो अन्याय वाटतो. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या टोपात तुरीची डाळ घरच्यापेक्षा बराच वेळ घेते. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचते आणि हा प्रश्नच मिटतो. चार जणांनी सामान वाटून घेतले, तर त्याचे किलोभर वजन जाणवत नाही. डाळ निघतानाच डब्यात भिजत घालावी, एक-दोन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करावा आणि कुकर खाली उतरवून जुन्या चादरीत किंवा वर्तमानपत्रांच्या घड्यांत गुंडाळून ठेवावा. पुढचे शिजणे आतल्या उष्णतेवर होते. भाताचा टोपही तसाच गुंडाळता येतो. भिजवणे, झाकण ठेवणे आणि गुंडाळणे या तीन सवयींनी डाळभाताचा जो गॅस वाचतो, त्यापुढे झालरीची बचत किरकोळ ठरते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : कुकर किंवा मोठा टोप कॅनिस्टरच्या डोक्यावरच्या शेगडीवर चढवू नये. तो कलंडतो आणि त्याची धग खाली कॅनिस्टरवर येते. त्यासाठी रुंद पायांची, नळीने कॅनिस्टरला जोडलेली शेगडी लागते.

गॅसखेरीज इतर इंधनांबद्दल थोडक्यात. स्पिरिटच्या शेगडीत बिघडण्यासारखे काहीच नसते. स्वीडनच्या ट्रँजियाने १९५१ साली आणलेला आडोशासह येणारा संच आजही जवळपास तसाच विकला जातो. परंतु स्पिरिटमध्ये वजनाच्या मानाने उष्णता कमी असते, ज्योत उन्हात दिसत नाही आणि पेटत्या शेगडीत स्पिरिट ओतण्याचा मोह भाजण्यावर बेततो. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह आपल्या आईवडिलांच्या हातचा असला, तरी आता मुंबईत रॉकेल मिळवणेच कठीण आहे. काटक्यांवर चालणाऱ्या दुहेरी भिंतीच्या शेगड्या हिवाळ्यात छान जळतात. पावसाळ्यात, म्हणजे मुंबईकरांच्या मुख्य हंगामात, सुकी काटकी कोठून आणणार?

गाडी थेट मुक्कामापर्यंत जात असेल आणि आठ-दहा माणसे असतील, तर पवनेच्या काठी किंवा अलिबागकडच्या वाडीत एका विस्मृत पर्यायाचा जरूर विचार करावा. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापलेल्या अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, सराई कुकर प्रचारात आणला. एका उभ्या डब्यात खाली कोळशाच्या कांड्या आणि वर वाफेवर शिजणारे डबे, अशी त्याची मांडणी. सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांचे वरण, भात आणि भाजी तासाभरात होते आणि मधे कोणी उठून पाहावे लागत नाही. कल्पना तशी जुनी आहे : बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली असाच इकमिक कुकर बनवला होता. दहा जणांना दोन सराई लागतील, तरी इंधनाची काटकसर मोठी आहे. दोष दोनच : तो अवजड आहे, आणि कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे त्याला तंबूत किंवा बंद खोलीत कधीही ठेवता येत नाही. गॅसच हवा असेल, तर इंडियन ऑइलचा पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर आणि साधी लोखंडी शेगडी कॅनिस्टरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. सुटकेसमधून येणाऱ्या कॅसेट शेगडीवर मात्र मोठा तवा ठेवू नये. तो कडेच्या गॅसच्या खणावर पसरतो आणि खाली नळकांडे तापते.

कोठे शिजवायचे, हेही आधी पाहून ठेवावे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि राखीव वनांत विस्तव पेटवण्यास मनाई आहे. रायगड, लोहगड यांसारख्या केंद्र-संरक्षित किल्ल्यांवर प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांनुसार परवानगीच्या जागेखेरीज स्वयंपाक करता येत नाही.

एवढे ठरल्यावर दुकानात जाताना स्वतःचा टोप सोबत न्यावा आणि शेगडीच्या पायांवर ठेवून पाहावा. तो हलवल्यावर घसरत असेल, किंवा ज्योतीचे वर्तुळ बुडाच्या बाहेर जाणार असेल, तर ती जोडी घेऊ नये. शेगडीची तोटी आट्यांची आहे, टोचून बसणारी आहे की लांब नळकांड्याची, हे विचारून त्याच बनावटीचे कॅनिस्टर मुंबईत नेहमी मिळतात का याची खात्री त्याच दुकानात करून घ्यावी.