मनीचं ग्रूमिंग, राजारामपुरी, कोल्हापूर : लई भारी अनुभव

आमची मनी डॉल फेस (चपटं नाक नसलेली) पर्शियन मांजर, पोटाखाली केसांचा पार गुंता झालता. राजारामपुरीतल्या या छोट्या दुकानात नेली तर ताईंनी दीड तास बसून एकेक गाठ हातानं सोडवली, मशीन लावलंच नाही, आणि काम करता करता पर्शियनचा सगळा इतिहास सांगितला की! 1620 च्या सुमारास पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशानं इराणातनं लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या या लांब केसांच्या मांजरांचं वर्णन केलंय, त्याला ती इटलीला न्यायची होती. मग 1871 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये कॅट शो झाला, तिथंही पर्शियन होती. पण चपटं नाक मूळचं नव्हेच, ते माणसांनी ब्रीडिंग करून करून आणलंय. पंच फेसवाल्यांना, म्हणजे अगदी चपट्या नाकाच्या मांजरांना, श्वासाचा, डोळ्यातनं पाणी यायचा त्रास त्यामुळंच. ऐकून खरंच वाईट वाटलं मला. किडनीत पाण्याच्या गाठी होत जाणारा पीकेडी आजार या जातीत वारशानं येतो, त्याची टेस्ट करून घ्या असं पण त्यांनी स्वतःहून सांगितलं, असं कोण सांगतंय आजकाल? पार्किंगला जागा नाही. रविवारी फोन करूनच जावा.