२२ चं स्पोर्ट पिस्तूल अडकतंय: आधी मॅगझिन बघू, अमो बदलू, स्प्रिंग टाकू की दुरुस्तीला देऊ?

पिस्तूल अडकायला लागलं की रेंजवर एक जण म्हणतो अमो (काडतुसं) बदल, दुसरा म्हणतो स्प्रिंग गेली, तिसरा म्हणतो रॅम्प, म्हणजे मॅगझिनमधून नळीत जाताना काडतूस चढतं तो उतार, घासून घे, आणि घाबरून आपण तिन्ही एकदम करून बसतो. मी तेच केलं होतं. एकाच आठवड्यात साफसफाई, नवी रिकॉइल स्प्रिंग (बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकणारा भाग, परत पुढे आणणारी), नवा अमो. पंधरा दिवस मस्त चाललं आणि मॅचमध्ये परत अडकलं, आणि नेमकं कशाने सुधारलं होतं तेच कळेना. शेवटी दोष निघाला दोन नंबरच्या मॅगझिनचा, ते कधीतरी फरशीवर पडून त्याची ओठं, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, किंचित वाकली होती.

म्हणून माझं मत आधीच सांगतो, सुरुवात मॅगझिनपासून करा. खर्च शून्य आणि माहिती सगळ्यात जास्त मिळते. प्रत्येक मॅगझिनवर मार्करने नंबर टाका, मग अडकलं की वहीत लिहा कोणतं मॅगझिन आणि पाचातला कितवा राउंड, म्हणजे काडतूस. एकाच मॅगझिनमध्ये अडकत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे, ते मॅगझिन बाजूला ठेवा. शेवटचाच राउंड वर येत नसेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असू शकते. पहिलाच अडकत असेल तर आपण बोल्ट हाताने हळू सोडतोय का बघा, तो मागे खेचून मोकळा सोडायचा असतो. आणि २२ च्या केसला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीला, मागे रिम (बाहेर आलेली कड) असते हे भरताना विसरू नका, वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिमच्या मागे गेली की वरचा पुढे जाताना खालच्यात अडकतो आणि दोन्ही रुसून बसतात.

सगळ्या मॅगझिनमध्ये अडकतंय? मग साफसफाई, आणि ती चेंबर (राउंड बसतो ती जागा) रिकामा आहे हे डोळ्यांनी बघून, मॅगझिन काढून. २२ एलआरच्या गोळीला बाहेरून मेण किंवा वंगण असतं, ते आणि शिसं चेंबरच्या तोंडाशी आणि रॅम्पवर साचतं, राउंड शेवटचा अर्धा मिलिमीटर आत जातच नाही आणि बोल्ट उघडा राहतो. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी केस ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखाखालचा काळा मळ टूथपिकने काढा, तिथे कोणी बघतच नाही. तेल मात्र अगदी थोडं, जास्त तेलावर जळालेली पावडर चिकटून चिखल होतो.

अमो बदलणं हा त्यानंतरचा उपाय, पण आपल्याकडे तो सोपा नाही, अमो कोट्याने मिळतो, ज्युनिअर मुलांना तर क्लबमध्ये जो आहे तोच, दहा ब्रँड आणून बघायची चैन नाही. तरी एक गोष्ट बघा. ही पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे बोल्ट मागे ढकलायला राउंडचीच ताकद लागते. साधारण ४० ग्रेन वजनाची गोळी आणि स्टँडर्ड व्हेलॉसिटी (नेहमीचा वेग) यावर बहुतेक टार्गेट पिस्तुलं जुळवलेली असतात, राउंड कमजोर असेल तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी केस बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. गोळीचं नाकही महत्त्वाचं. एले कंपनीच्या टेनेक्स अमोची गोळी पुढून चपटी, पण टेनेक्स पिस्टलला गोल नाक आहे, कारण सेमी ऑटोमध्ये गोल नाक रॅम्पवरून अलगद चढतं. रायफलवाल्या मित्राने उरलेला भारी अमो दिला म्हणून खूश होऊ नका. आणि जानेवारीत दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजवर सकाळच्या थंडीत वंगण घट्ट होतं, पुण्यात बालेवाडीला चाललेला अमो तिथे अडखळू शकतो.

स्प्रिंगचं म्हणाल तर स्वस्त आहे, पण मिळायला वेळ लागतो. पिस्तूल पार्डिनीचं असो वा वॉल्थरचं, स्प्रिंग त्याच कंपनीची घ्या, जास्त कडक टाकली तर केस बाहेर पडणार नाही, जास्त मऊ असेल तर बोल्ट मागे आपटत राहील.

रॅम्प घरी घासणं, हे मात्र करू नका. काढलेलं पोलाद परत येत नाही आणि कोन बदलला की पिस्तूल कायमचं बिघडतं. चेंबरच्या काठावर फायरिंग पिनचा (काडतुसावर आपटणाऱ्या टोकाचा) खड्डा दिसत असेल, रिकामं फायर करून करून तो पडतो, तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्या.

जॅम इतका मनावर घ्यायचा कारण रॅपिडमध्ये, म्हणजे मॅचच्या झटपट फायरच्या टप्प्यात, एका शॉटला हातात फक्त ३ सेकंद असतात. २०१८ ला पालेम्बांगला आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं एशियन गेम्सचं गोल्ड शूटऑफवर, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा शॉट्सवर, ठरलं, तिथे एक अडकलेला राउंड काय करेल विचार करा. आणि अडकलंच तर पिस्तूल टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करा, बोल्टला हात लावलात तर ते मालफंक्शन ग्राह्य धरत नाहीत.

मॅच आठवड्यावर असेल तर फक्त चांगली दोन मॅगझिन निवडा, साफ करा, आणि जो अमो चाललाय तोच न्या. महिना हातात असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर किमान १०० राउंड मारून वहीत लिहा.