रिनोव्हेशननंतरचा अनुभव: ढाळ बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका

काँट्रॅक्टरचे राखून ठेवलेले पैसे परवा देऊन टाकले, हिशोब संपला, म्हणून आता सविस्तर लिहितेय. मटेरियल, डिझाइन, रंग यावर बोलत नाही, ते ज्याच्या त्याच्या आवडीचं. मला बोलायचंय बाथरूमच्या ढाळाबद्दल, कारण रोज पाय तिथे पडतो.

हँडओव्हरला घर एकदम चकाचक होतं. फरशी पुसलेली, सगळे लाइट लावलेले, आणि तो म्हणाला बघून घ्या आणि शेवटचं पेमेंट करून टाका. घरचेही म्हणाले, इतकं छान झालंय, आता कशाला अडवतेस. मी बादलीभर पाणी घेतलं आणि ट्रॅपपासून, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या तोंडापासून, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ओतलं. थोडं ट्रॅपकडे गेलं, बाकीचं सगळं उंबऱ्यापाशी येऊन साचलं. तो म्हणे वायपर मारायचा ताई, सगळ्यांकडे असंच असतं. नाही असत! एक मीटरला साधारण 10 ते 20 मिलिमीटर उतार पाहिजे आणि तो ट्रॅपकडेच पाहिजे. त्याच्याच गवंड्याची लेव्हल पट्टी मागून फरशीवर ठेवली तर बुडबुडा ट्रॅपच्या बाजूला, म्हणजे जिथे पाणी जायला हवं तीच बाजू उंच.

मग म्हणाला ग्राउट (फरश्यांच्या फटीत भरायचा माल) भरून अॅडजस्ट करून देतो. ढाळ हा फरशीच्या खालच्या मालात काढलेला असतो, वरून ग्राउट भरून तो कसा येणार? फरशी उखडावीच लागते, आणि उखडताना खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का बसतो, म्हणजे तेही परत करायचं आणि पाणी भरून टेस्टही परत. हे त्याला माहीत होतं म्हणूनच तो टाळत होता. मी पैसे थांबवले. खूप वाजलं आमचं, त्याने फोन उचलणं बंद केलं, आणि तेव्हा मी हा रिव्ह्यू लिहिला असता तर फार कडू लिहिला असता.

पण खरं सांगायचं तर नंतर माझं मत बदललं. तो आला आणि चार फरश्या बदलून मोकळा नाही झाला, अख्खी जमीन काढली, वॉटरप्रूफिंगचा कोट नव्याने दिला, ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण केली आणि 48 तास तसंच ठेवलं. खालच्या मजल्यावर जाऊन छताला ओल आहे का ते तो स्वतः बघून आला. मग दोरी लावून ढाळ काढला. आता आंघोळ झाली की थोड्याच वेळात जमीन कोरडी होते, कोपऱ्यात काळपट डाग नाहीत, आणि आईला घसरायची भीती वाटत नाही. इतके महिने झाले तरी मला रोज याचा आनंद होतो.

बाकीचं तपासणं तुलनेने सोपं होतं. फरश्या काठीने ठोकत गेले, पोकळ वाजलेल्या बदलून घेतल्या. एका सॉकेटला अर्थिंगच जोडलेलं नव्हतं, सॉकेट टेस्टर लावला म्हणून कळलं, आणि ही गोष्ट तर जिवाशी खेळ आहे, तिथे लाजू नका. सिंकखालच्या प्लायच्या कडा उघड्या होत्या, त्या सील करायला लावल्या.

मात्र सगळं काही त्याच दिवशी दिसत नाही. रंगकाम मला सगळ्यात चांगलं वाटलं होतं, बाजूने टॉर्च मारूनही भिंत सपाट दिसत होती, आणि काही महिन्यांनी वायरिंगसाठी भिंतीत जिथे झिरी मारली होती बरोबर त्याच रेषेत केसासारखी चीर आली. भरलेला माल सुकून आकसतो तेव्हा असं होतं, हँडओव्हरला कितीही डोळे फाडून बघा, कळणार नाही. म्हणूनच एकूण रकमेच्या 5 ते 10 टक्के काही महिने राखून ठेवायचं आधीच करारात लिहायचं. आयत्या वेळी अडवलं तर भांडण होतं, लिहिलेलं असलं तर तो आपणहून येतो. आमच्याकडे आला, चीर उघडली, जाळी लावून परत भरली, रंग मारला, आणि मग मी पैसे दिले.

पुढे बाल्कनीचं काम काढायचंय, तेही त्यालाच देतेय. कोटेशनमध्ये ढाळ किती आणि कुठल्या बाजूला, आणि फरशी बसवायच्या आधी पाणी भरून टेस्ट, या दोन ओळी या वेळी त्याच्याकडून लिहून घेतल्यात.