गिटहबचा पत्ता की स्वतःच्या डोमेनचा?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी गो भाषेत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नाशिकच्या छोट्या टीमपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: लायब्ररीचा इम्पोर्ट पाथ (ज्या पत्त्यानं दुसरा कोड ती मागवतो तो) थेट गिटहब या कोड ठेवायच्या साइटचा ठेवायचा, की कंपनीच्या डोमेनचा?

गिटहबचा पाथ म्हणजे बिनकष्टाचं काम. रेपो (कोडचा साठा) पुश केला, आवृत्तीचा टॅग लावला, झालं. पण उद्या कोड गिटलॅबसारख्या दुसऱ्या साइटवर हलवला, तर गो.मॉड या फाइलमधली मॉड्यूलची (लायब्ररीच्या नावाची) ओळ आणि ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमधला इम्पोर्ट बदलत बसा. 'रिप्लेस आहे ना!' असं कोणीतरी म्हणतंच. रिप्लेस, म्हणजे एका पत्त्याऐवजी दुसरा वापरायला सांगणारा आदेश, फक्त मुख्य मॉड्यूलच्या, म्हणजे जे बिल्ड होतंय त्याच्या, गो.मॉडमधला चालतो, तुमच्या लायब्ररीत लिहिलेला रिप्लेस गिऱ्हाइकाच्या बिल्डमध्ये कोणी विचारत नाही.

स्वतःच्या डोमेनचं तसं नाही. गो टूल त्या पत्त्याला 'गो-गेट=१' जोडून पान मागवतं आणि त्यातल्या 'गो-इम्पोर्ट' मेटा टॅगवरून खरा रेपो गाठतं. घर बदललं तरी दारावरची पाटी तीच. त्यासाठी एक साधं एचटीएमएल पान पुरतं. धोका एकच, पण मोठा: डोमेनचं नूतनीकरण राहिलं तर ते दुसरा कोणी घेऊ शकतो. २०१९ च्या गो १.१३ पासून सेटिंग बदललं नसेल तर मॉड्यूल गूगलच्या प्रॉक्सीमार्फत (प्रती साठवून ठेवणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत) येतात, म्हणून जुन्या आवृत्त्या बहुधा मिळत राहतात. नवी मात्र अडते.

कोड घरातल्या घरातच वापरायचा असेल तर माझं मत गिटहबला. बाहेरच्यांना द्यायची लायब्ररी असेल तर पहिल्या टॅगपासूनच डोमेन; नंतर बदलणं फार महागात पडतं. रेपो खाजगी असेल, तर कुठलाही पाथ घ्या, गोप्रायव्हेट (मॉड्यूल प्रॉक्सीकडून न मागता थेट आणायला सांगणारा पर्याय) सेट करावाच लागतो.