दीड मिमी आखूड फियाट : रेझिन किटचा नऊ महिन्यांचा अनुभव

जोडून रंगवायच्या मॉडेल गाडीचं रेझिनमधे (ओतीव प्लास्टिकसारखा पदार्थ) ओतलेलं किट मी मागवलं, ते मापात आखूड निघालं. त्या तक्रारीवर गेल्या मंगळवारी किटवाल्याचं शेवटचं उत्तर आलं. हाताच्या कामात एवढा फरक धरून चालायचा असतो, तक्रार मिटवतो आहोत, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. पुढच्या खरेदीवर! म्हणजे अजून एक आखूड गाडी घ्यायची आणि वर उपकार मानायचे. म्हणून हे लिहायला बसलोय. नाव घालत नाही. परदेशातला एकट्या माणसाचा धंदा आहे आणि त्याच्याबद्दलचं माझं मतही मधे एकदा फिरलंय, ते पुढे येईलच.

किट फियाट ११०० डीचं, १:२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचं. आपल्याकडे हीच गाडी कुर्ल्याला १९६४ पासून बनायला लागली आणि पुढे १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली, हे इथल्या कुणाला सांगायला नको. आमच्या आप्पांची होती, बदामी रंगाची. जोतिबाला खेटे घालायला, वाडीला पौर्णिमेला, गडहिंग्लजला लग्नाला, सगळीकडे तीच. विकली तेव्हा मी नववीत होतो. किट ड्युटी धरून ९,४०० ला पडलं. घरी ४,००० सांगितलंय. बायको हे वाचत नाही.

खोक्यात काय होतं ते थोडक्यात. एका ओतीत काढलेली बॉडी, वेगळी चॅसी, सीटा, डॅशबोर्ड, व्हाइट मेटलचे बंपर आणि एक्सल, जाळीसाठी एचिंग केलेला पितळी पत्रा, आणि काचांसाठी व्हॅक्यूम फॉर्म केलेली एक पारदर्शक शीट. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत ज्वारीच्या दाण्याएवढं ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेलं भोक, होतं. ते मी मनावर घेतलं नाही. आमचा धंदाच पॅटर्नचा, म्हणजे ज्यावरनं ओतकामाचा साचा काढतात त्या नमुन्याचा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. ब्लो होल बघून घाबरणारा माणूस फौंड्रीच्या दारात टिकत नाही. लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला, संपलं.

पण सवयीनं व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचा कॅलिपर, लावला. आणि तिथंच वाट लागली.

खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,३४० मिमी. भागिले २४, म्हणजे ९७.५ यायला पाहिजे. चॅसीवर एक्सलच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत भरले ९६. तीनदा मोजलं, बॅटरी बदलून मोजलं, शेवटी कारखान्यातनं दुसरा व्हर्नियर आणून मोजलं. ९६. दीड मिमी कमी. ऐकायला काही वाटत नाही, पण गुणिले २४ करा. ३६ मिमी, जवळजवळ दीड इंच! खऱ्या गाडीत दीड इंच म्हणजे मागं बसलेल्या माणसाचे गुडघे.

ज्यांना फौंड्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओतलेला धातू गार होताना आखडतो. म्हणून पॅटर्न मुळात मोठा करायचा. बिडाला मीटरमागे साधारण १० मिमी, अ‍ॅल्युमिनियमला १३ च्या आसपास. आमच्याकडे त्यासाठी वेगळी पट्टीच असते, जिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा तेवढा लांब असतो. आता कुणी पॅटर्न न करता तयार कास्टिंगच साच्यात दाबलं, तर येणारा माल आखूड येणार. उद्यमनगरात हे रोज चालतं. गिऱ्हाईक तुटलेला पार्ट घेऊन येतं, 'असाच एक काढून द्या' म्हणतं, आणि मग त्या पार्टावर लांबीचा थर चढवून वेळ मारून नेतात.

माझ्या फियाटचा हिशोब मीटरमागे १५ मिमी निघाला. अ‍ॅल्युमिनियमच्याही वर! बॉडी आमच्या मिस्त्रींच्या हातात दिली. वय पंचाहत्तर, नजर अजून तेज. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, छपरावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कास्टिंगवरनं कास्टिंग काढलंय हे. चोरीचा माल हाय मर्दा." झालं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की या गड्यानं दुसऱ्याचं किट विकत घेऊन त्यावरनं साचा मारलाय. पहिला मेल मी त्याच रात्री टाकला, आणि तो सभ्य नव्हता.

हा मेलामेलीचा संसार चार महिने चालला. तो म्हणायचा मास्टर (ज्यावरनं साचा काढतात तो मूळ नमुना) माझा, मी म्हणायचो मग मास्टरचं माप पाठव. तो फोटो पाठवायचा. फोटोला व्हर्नियर लावता येतो का?

मधल्या काळात काम सुरू होतंच, पैसे गुंतले होते. रेझिन आणि नेहमीचं प्लास्टिकचं किट यांत मोठा फरक डिंकाचा. प्लास्टिकचा ग्लू इथं काहीच करत नाही, कारण रेझिन त्यानं विरघळत नाही. बारीक पार्टला फेव्हिक्विक, मेटल जोडायचं तिथं अराल्डाइट. पण फेव्हिक्विक काचेजवळ नेऊ नका. त्याच्या वाफेनं पारदर्शक शीटवर पांढरी साय धरते. मागची काच माझी अशीच गेली. काचेला साधा फेव्हिकॉल, वाळला की दिसत नाही. रंगाआधी बॉडी भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात घासून घ्यायची, साच्याचं रिलीज एजंट (माल साच्यातनं सुटावा म्हणून लावतात ते) अंगावर राहिलं तर रंग सालपटासारखा सुटतो. पेपर मारायचा तो ओला, आणि तोंडाला मास्क. ही धूळ छातीला चांगली नाही.

पुढचा खांब वाकडा आला होता. गरम पाण्यात, म्हणजे चहाच्या खालच्या गरमात, मिनिटभर धरून बोटानं सरळ केला आणि गार पाण्यात घातला. बसला. मग एप्रिलात गाडी माळ्यावर ठेवली, वर पत्रा, आणि खांब पुन्हा आपल्या मूळ गावाला गेला. रेझिनला आपला मूळ आकार विसरता येत नाही बहुतेक. आता गाडी फ्रीजशेजारच्या कपाटात असते.

आनंदाची गोष्ट एकच, पण मोठी : रंग. परदेशी मॉडेल पेंटच्या चिमुकल्या बाटल्यांचे भाव बघून मी तीन आठवडे नुसता बसून होतो. शेवटी उद्यमनगरातल्या गाड्यांच्या रंगवाल्याकडे गेलो. त्याला जुन्या फियाटचा बदामी तोंडपाठ. १०० मिली मिसळून दिला १२० रुपयांत, वर थिनर. हा ड्युकोचा, म्हणजे गाड्यांच्या स्प्रे रंगाचा, थिनर प्लास्टिकच्या किटला खाऊन टाकतो, रेझिनला ढिम्म होत नाही. प्रायमर मारून सरळ चढवा. इतका गुळगुळीत आला की दोन दिवस मी दीड मिमी विसरलो. सांडलाय, वाया घालवलाय, तरी अजून निम्मा डबा शिल्लक आहे.

क्रोमच्या पट्ट्यांना मॉडेलवाले चिकट फॉइल वापरतात. मी हुशारी केली. चांदीकामाची हुपरी शेजारी, सराफांची गुजरी दारात, चांदीची आपल्याला काय कमतरता! मिठाईवाल्याकडनं वर्ख आणला. पंखा बंद करायला विसरलो. पुढचं लिहीत नाही, मुलीच्या केसात दुसऱ्या दिवशीपर्यंत चमकत होता. शेवटी फॉइलच मागवली, ती चांगली आहे.

गाडी आप्पांना दाखवली तेव्हा मी मुद्दाम व्हर्नियरही नेला होता. त्यांनी माझं सगळं भाषण ऐकून घेतलं, खिडकीतनं आत बघितलं आणि विचारलं, "स्टेअरिंग डावीकडं कशाला केलंस?"

इटलीची गाडी, स्टेअरिंग डावीकडेच असणार. मला ते आधी माहीत होतं, पण दीड मिमीच्या नादात बाजूला पडलं होतं. आप्पांना दीड मिमीशी देणंघेणं नव्हतं. ते पलंगावर बसूनच डावा हात हवेत नेऊन दाखवायला लागले, गिअर कसा टाकायचा. स्टेअरिंगच्या दांड्यालाच लिव्हर, आपल्या गाडीत डाव्या हाताला. हात पुढे ढकलून वर, मग ओढून खाली, मधे थोडा थांबायचा. तोंडानं आवाजही काढला. चार वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना असं हलताना बघितलं नव्हतं.

मग उजवं स्टेअरिंग करणं आलं. डॅशबोर्ड बारीक करवतीनं तीन तुकड्यांत कापला, मीटरचा भाग उजवीकडे, कप्प्याचा डावीकडे, सांधे भरले. पेडल नव्यानं पितळी तारेची. लिव्हर गुजरीतनं आणलेल्या पाऊण मिमी तारेची, टोकाला गोंदाचा थेंब वाळवून गोळा केला. कापाकापीचा डॅशबोर्ड नाजूक झाला, म्हणून त्याचा सिलिकॉनचा साचा केला आणि घरीच रेझिन ओतलं. दोन बाटल्या, सम प्रमाणात, पटकन ढवळायचं, ओतायचं.

आणि इथं माझं मत फिरलं. कापून जोडलेला डॅशबोर्ड ४८ मिमी होता. ओतून निघालेला ४७.८. म्हणजे एका पिढीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. माझ्या गाडीत दीड टक्का गेलाय. एवढं आखडायला कास्टिंगवरनं कास्टिंग, त्यावरनं पुन्हा कास्टिंग, असं तीनचार वेळा व्हायला पाहिजे. पण तितक्या वेळा साचा मारला तर रेघा बोथट होतात. मी भिंग घेऊन दाराच्या फटी बघितल्या. सगळ्या धारदार. हँडलखालच्या किल्लीच्या भोकाची टिकलीसुद्धा शाबूत. हा माल पहिल्या हातचाच आहे. गडी चोर नाही. गड्यानं मास्टरच आखूड केलाय!

मिस्त्रींना सांगितलं तर ते ऐकायला तयार नाहीत. "मग त्याला पट्टी वाचता येत न्हाई म्हण की," एवढंच म्हणाले. माझ्या हिशोबानं हे चोरीपेक्षा वाईट. चोराला निदान कारण असतं. तरी मी त्या माणसाला माफीचा मेल टाकला आणि त्याच मेलात पुन्हा दीड मिमीबद्दल विचारलं. त्याचंच ते मंगळवारचं उत्तर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. उद्यमनगरातच एका गॅरेजात ताडपत्रीखाली एक पद्मिनी उभी आहे. जूनमधे टेप घेऊन तिथं गेलो, म्हटलं कागदावरच्या आकड्यावर भांडण्यापेक्षा खरी मोजू. डाव्या बाजूनं २,३४० बरोबर. उजव्या बाजूनं २,३३१. पुन्हा मोजलं, तेच. गॅरेजवाला हसायला लागला. मागचा एक्सल पाट्यांवर, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगांवर, बसवलेला असतो, या गाडीचा पाट्याचा सेंटर बोल्ट कधीतरी तुटून एक्सल उजवीकडं पुढं सरकलाय, आणि गाडी तशीच पंधरा वर्षं पळाली म्हणे. म्हणजे खरी गाडीसुद्धा ९ मिमी खोटी. पण ९ भागिले २४ करा, अर्धा मिमीही होत नाही. माझी तक्रार तशीच उभी.

पावसाळ्याबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण किटच्या माहितीपत्रकात कोल्हापूरचा जुलै धरलेला नाही. बाटलीतलं रेझिन एकदा उघडल्यावर हवेतलं पाणी ओढतं. जुलैत ओतलेले दोन डॅशबोर्ड फसफसून आले, आत सगळा स्पंज, जाळीदार घावन म्हणावं तसे. आणि ड्युको ओल्या हवेत मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी बसतं आणि रंगावर दुधाळ सर येते. बॉनेटवर आली. रंगवाल्याकडे धावत गेलो तर तो म्हणाला, "पावसात रिटार्डर घालायचा असतो, थिनर सावकाश उडतो त्यानं, विचारलं का तुम्ही?" थोडा रिटार्डर घालून वरून एक पातळ हात मारला, सर गेली. ते १२० रुपये अजून वसूल होतायत.

घ्यावं का, असं दोघांनी विचारलंय. ज्याला खांब सरळ करायचा, लांबी भरायची, पेपर मारायचा कंटाळा नाही त्यानं घ्यावं. दाराच्या फटी, हँडलं, दिव्यांच्या रिंगा खरंच सुरेख आहेत. पहिलंच किट असेल तर घेऊ नये, आधी स्वस्तातलं प्लास्टिकचं करा. आणि घरी व्हर्नियर असेल तर तो पेटीत ठेवून पेटीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. बायकोनं गाडी डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि म्हणाली, "अहो, कुठंय ते दीड मिमी? मला तर काहीच दिसत नाही." दिसत नाहीच. अख्खी बॉडी सारख्याच हिशोबानं आखूड असल्यामुळं चाक कमानीत बरोबर मधे बसतं. हेच तर जास्त टोचतं.

राहिलेलं काम : मागची काच. शीट एकच येते. सुट्टी शीट मागितली, तर त्यासाठी टपालखर्चच १,१०० सांगतोय. दहा टक्के सूट त्यातून वजा करून घे म्हटलं, उत्तर नाही. तोपर्यंत मिठाईच्या पारदर्शक डब्याच्या झाकणातून कापून बसवली आहे, वर्ख ज्या दुकानातला त्याच दुकानातला डबा. बरी दिसते.

चॅसीच्या खालच्या बाजूला कंपनीनं १:२४ असं उठावाचं कोरलंय. ते मी कानशीनं घासून काढलं आणि बारीक पेननं खरं लिहिलं, १:२४.४. आप्पांनी उलटी करून वाचलं आणि विचारलं, हा गाडीचा नंबर आहे का.